मुंबईतील घरभाड्याची अनामत: पागडीच्या काळापासून अकरा महिन्यांच्या करारापर्यंत

भाड्याचे घर सोडल्यावर घरमालकाकडे ठेवलेली अनामत रक्कम, म्हणजे बोलीभाषेतले डिपॉझिट, पुरते परत न मिळणे हा महाराष्ट्रातील शहरांत इतका नेहमीचा अनुभव झाला आहे, की त्याकडे बहुधा एखाद्या मालकाची लबाडी किंवा एखाद्या भाडेकरूचा निष्काळजीपणा म्हणून पाहिले जाते आणि विषय तेथेच संपतो. मुंबईच्या भाडेकायद्यांचा इतिहास मात्र या प्रश्नाची मुळे अधिक खोल असल्याचे दाखवतो. घराचा ताबा आणि त्या ताब्यासाठी आगाऊ मोजलेला पैसा यांचे नाते या शहरात विसाव्या शतकात पुन्हा पुन्हा बदलले, आणि प्रत्येक बदलाबरोबर तो पैसा कोणाकडून, कशाच्या बळावर आणि कोणत्या न्यायासनापुढे परत मागायचा याचेही उत्तर बदलत गेले. आजच्या भाडेकरूची अडचण समजून घ्यायची, तर त्याच्या आधीच्या पिढ्यांच्या हाती असे काय होते जे त्याच्या हाती उरले नाही, हे पाहावे लागते.

इंग्रजी अमदानीत घरभाड्याच्या व्यवहाराला मिळालेली चौकट मुख्यतः १८८२ साली झालेल्या आणि पुढे मुंबई इलाख्याला लागू झालेल्या कायद्यांची आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ ने भाडेपट्ट्याची व्याख्या करताना ठरावीक काळाने द्यायचे भाडे आणि पट्टा मिळवण्यासाठी एकदाच मोजायची किंमत, म्हणजे अधिमूल्य, असा भेद केला. तर सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ ने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण न करता केवळ वापराची मुभा देणाऱ्या परवान्याची, म्हणजे ज्याला आज सर्रास ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हटले जाते त्याची, व्याख्या केली. अनामत या चौकटीत नीट बसत नाही. ती परत करायची असते म्हणून ती किंमत नव्हे, आणि वापराचा मोबदला म्हणून ती कापली जात नाही म्हणून ती भाडेही नव्हे. तिचे स्थान कायद्याने उभयतांच्या करारावर सोडून दिले, आणि करार बहुतेक वेळा गरजू माणसाच्या मर्जीने होत नसतो.

घराची गरज मुंबईत किती तीव्र होती हे १८९६ च्या प्लेगनंतर प्रकर्षाने दिसले. दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जुनी घरे पाडली, पण पाडलेल्या घरांतील माणसांची सोय त्याच वेगाने झाली नाही, आणि पहिल्या महायुद्धात बांधकाम मंदावल्यावर भाडी इतकी चढली की १९१८ मध्ये सरकारला युद्धकालीन भाडेनियंत्रणाचे कायदे करावे लागले. ही नियंत्रणे तात्पुरती मानली गेली आणि पुढच्या दशकात ती मागे घेण्यात आली. दरम्यान १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास विभागाने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे कामगारांसाठी २०७ चाळी उभारल्या, तरी त्यांतील कितीतरी खोल्या सुरुवातीची काही वर्षे रिकाम्या राहिल्या, कारण गिरणी कामगाराला त्यांचे भाडे परवडत नव्हते. घर नाही आणि घर आहे पण परवडत नाही, या दोन टंचाया तेव्हापासून शहरात एकत्र नांदत आहेत.

निर्णायक वळण आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४१ मध्ये सुमारे पंधरा लाख असलेली शहराची वस्ती युद्धकालीन रोजगार आणि फाळणीनंतर आलेले निर्वासित यांमुळे १९५१ पर्यंत तेवीस लाखांच्या घरात गेली, आणि याच दशकाच्या मध्यावर ‘मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाउस दर नियंत्रण अधिनियम, १९४७’ संमत झाला, जो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाणभूत भाडे, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येईल अशी कमाल रक्कम, म्हणून स्थिर केले आणि भाडेकरूला घराबाहेर काढण्याची कारणे मोजकी ठेवली. त्याचे कलम १८ या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. भाडेपट्टा देताना, त्याचे नूतनीकरण करताना किंवा तो हस्तांतरित करण्यास संमती देताना प्रमाणभूत भाड्याखेरीज कोणतेही अधिमूल्य, अनामत किंवा अन्य मोबदला मालकाने घेणे हा त्या कलमाने फौजदारी गुन्हा ठरवला, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेबरोबर घेतलेल्या रकमेहून कमी नसेल इतक्या दंडाची तरतूद केली. घरासाठी अनामत घेणे हाच गुन्हा असलेल्या त्या काळात अनामतीच्या परताव्याचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने उद्‌भवायलाच नको होता.

व्यवहारात तो उद्‌भवला, आणि त्याला पागडी हे नाव होते. पागडी म्हणजे नव्या भाडेकरूने घरात येताना एकदाच मोजायची, पावतीवर कोठेही न येणारी रोख रक्कम. बाजारभाव आणि गोठवलेले भाडे यांतील तफावत जसजशी वाढत गेली तसतशी ही रक्कमही वाढली, कारण दरमहा दहा-वीस रुपये भाड्यात कायमचे घर मिळवण्यासाठी माणूस आगाऊ किती मोजायला तयार होईल याला मर्यादा फक्त त्याच्या ऐपतीची होती. गिरगाव, भुलेश्वर, दादर, परळ आणि लालबागच्या चाळींत ही पद्धत इतकी मुरली की तिचे स्वतःचे नियम तयार झाले. जुना भाडेकरू खोली सोडताना नव्याकडून पागडी घेई, मालक त्यातील आपला हिस्सा, बहुधा एक तृतीयांश किंवा त्याच्या आगेमागे, राखून घेई आणि मग भाडेपावती नव्या नावावर करून देई. मालकाने हिस्सा घेतल्यावर पावती बदलायचीच, हा त्यातला अलिखित पण कसोशीने पाळला जाणारा दंडक होता. मुलाचे लग्न, मुलीचे शिक्षण किंवा कर्ज यासाठी हीच खोली कुटुंबाची एकमेव पुंजी ठरत असे, आणि दक्षिण व मध्य मुंबईतील असंख्य मराठी कुटुंबांनी डोंबिवली, बोरिवली किंवा ठाण्यात स्वतःच्या मालकीचे घर घेतले ते चाळीतल्या खोलीच्या पागडीवर, ही त्या शहराच्या सामाजिक इतिहासातील मोठी पण कागदोपत्री फारशी न उमटलेली घटना आहे.

या पद्धतीतील पैशाच्या परताव्याची वाट नीट पाहण्याजोगी आहे. पागडी देणाऱ्याला ती मालकाकडून कधीच परत मिळत नसे, आणि ती मागण्याची त्याला गरजही पडत नसे, कारण तिची वसुली तो पुढच्या भाडेकरूकडून करून घेई. त्याची खरी तारण वस्तू म्हणजे घराचा ताबा, आणि तो ताबा भाडेकायद्याने इतका भक्कम केला होता की मालक बदलला, वारला किंवा दिवाळखोर झाला तरी भाडेकरूची पुंजी सुरक्षित राहत असे. बेकायदेशीर असूनही ही व्यवस्था अनेक दशके टिकली याचे कारण तिच्यात गुंतलेल्यांचे संगनमत एवढेच नव्हते. पैसा देणाऱ्याच्या हाती पैशाइतक्याच मोलाची वस्तू ठेवण्याचा गुण तिच्यात होता, जो नंतरच्या कायदेशीर व्यवस्थेत हरवला.

अर्थात, जेथे व्यवहार फसे तेथे न्यायालयाचा आधार जवळजवळ नसे. दोन्ही पक्ष सारखेच दोषी असतील तर कायदा कोणालाच साहाय्य करत नाही, या जुन्या तत्त्वामुळे पागडी देऊनही खोली न मिळालेल्या माणसाला दाद मागण्याआधी आपला स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागे. शिक्षेच्या तरतुदीही कसोटीला फारशा उतरल्या नाहीत. चर्चगेट भागातील एका फ्लॅटच्या भाडेकरूने तीस हजारांच्या घरातील पागडी घेतल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये असे स्पष्ट केले की भाडेहक्क घरमालकाकडे सोडून देणे आणि तो तिसऱ्या माणसाला हस्तांतरित करणे या कायद्याने भिन्न गोष्टी आहेत, शिक्षेची तरतूद असलेले कलम काटेकोरपणे वाचले पाहिजे, आणि सदर व्यवहार कलमाच्या शब्दांत बसत नसल्याने दोषी ठरवण्याचा निर्णय टिकू शकत नाही. १९४७ च्याच कायद्याच्या पुढच्या काळातील कलम १९ मध्ये मात्र सोडून देणे, हस्तांतर करणे आणि अभिहस्तांकन करणे असे तिन्ही शब्द आढळतात. रक्कम परत मिळवण्याच्या बाजूने मोठा दिलासा आला तो बराच उशिरा आणि बिहारमधील एका प्रकरणात: भाडेकरूने घर मिळवण्यासाठी मालकाला दिलेली बेकायदेशीर आगाऊ रक्कम भाड्यात वळती करून घेता येईल, कारण घराच्या टंचाईने पिचलेला भाडेकरू आणि त्या टंचाईचा लाभ घेणारा मालक हे सारखेच दोषी मानता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ठरवले. विवशतेने पैसे देणारा आणि ती विवशता ओळखून ते घेणारा यांच्यात न्यायालयाने केलेला हा भेद भाडेकायद्याच्या इतिहासातील अत्यंत न्याय्य विचारांपैकी एक आहे, आणि तो मुंबईत तीस-पस्तीस वर्षे आधी मांडला गेला असता तर कितीतरी कुटुंबांची बुडालेली रक्कम वाचली असती.

दरम्यान घरमालकांनी भाडेकायद्याच्या पकडीतून सुटण्याची वाट शोधली होती. भाडेपट्टा दिला की भाडेकरूला संरक्षण मिळते, परवाना दिला तर मिळत नाही, हे लक्षात आल्यावर करारपत्रांत भाडेकरूला परवानाधारक आणि भाड्याला परवाना शुल्क म्हणण्याची पद्धत पडली. कागदावरच्या नावाने व्यवहाराचे स्वरूप ठरत नाही, घराचा खरा ताबा कोणाकडे आहे हे पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये दिल्लीतील एका हॉटेलच्या जागेच्या वादात सांगितले, तरी मुंबईत परवान्यांचे पीक वाढतच गेले. त्यावर राज्य सरकारने १९७३ मध्ये कठोर उपाय योजला: कायद्यात कलम १५-अ घालून १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याखाली जागेत असलेल्या परवानाधारकांना थेट भाडेकरूचा दर्जा दिला. त्या दिवशी ज्यांच्या हाती परवाना होता त्यांचे कल्याण झाले, पण त्यानंतर घर शोधणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. आपले घर पुन्हा कधी तरी असेच कायमचे हातचे जाईल या भयाने कित्येक मालकांनी फ्लॅट कुलूपबंद ठेवले, आणि ज्यांनी दिले त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला: करार अकरा महिन्यांचा असावा आणि परवानाधारकाची मोठी रक्कम आपल्या हाती असावी. अकरा महिन्यांचा हिशेब १९०८ च्या नोंदणी अधिनियमातून आला, कारण त्याच्या कलम १७ नुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. अनामतीचा हिशेब भयातून आला. भाडेकरू बाहेर पडला नाही तर त्याचे काहीतरी आपल्यापाशी अडकलेले असावे, ही तिच्यामागची भावना होती, आणि भिंतीला पडलेल्या भोकांची किंवा थकलेल्या विजेच्या बिलाची भरपाई हे कारण नंतर जोडले गेले.

पुढे १९८० च्या दशकात मुदत संपलेल्या परवानाधारकाला झटपट बाहेर काढण्याची तरतूद कायद्यात आली, मालकांचे भय ओसरले, पण अनामतीचा आकार काही ओसरला नाही. उलट ‘हेवी डिपॉझिट’ नावाचा एक वेगळाच प्रकार मुंबई-ठाण्याच्या उपनगरांत रूढ झाला, ज्यात काही लाखांची रक्कम मालकाला बिनव्याजी द्यायची, भाडे नाममात्र द्यायचे किंवा अजिबात द्यायचे नाही, आणि मुदतीअखेर रक्कम परत घेऊन घर रिकामे करायचे. मूळ व्यवहार पाहिला तर हे गावाकडच्या ताबेगहाणाच्या जातीचे आहे, ज्यात सावकार कर्जाच्या व्याजाऐवजी जमिनीचे उत्पन्न घेतो; फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की ताबेगहाणात कर्ज फिटेपर्यंत ताबा सोडण्याचे बंधन धनकोवर नसते, तर हेवी डिपॉझिटचा करार परवान्याच्या स्वरूपात लिहिला जात असल्याने धनको असलेला रहिवासी मुदत संपताच जागा सोडायला बांधील ठरतो. ज्या मालकाने ती रक्कम धंद्यात किंवा दुसऱ्या घराच्या हप्त्यांत घातली आहे, त्याच्याकडे ती ठरल्या दिवशी तयार असण्याची शक्यता थोडी असते, आणि बहुधा पुढच्या रहिवाशाची अनामत हाती आल्यावरच मागच्याची परत केली जाते.

१९४७ च्या कायद्याची प्रमाणभूत भाड्याविषयीची तरतूद काळाच्या ओघात अवास्तव झाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले, आणि त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या कायद्याच्या कलम १८ मध्ये ज्या शब्दांनी गुन्ह्याचे वर्णन केले होते, जवळजवळ त्याच शब्दांनी नव्या कायद्याच्या कलम ५६ ने मालकाला अधिमूल्य, अनामत किंवा अन्य मोबदला घेण्याचा आणि भाडेकरूला आपला हक्क सोडताना रक्कम घेण्याचा अधिकार दिला. अर्ध्या शतकाची पागडी एका कलमाने वैध झाली. वास्तव मान्य करण्याचा हा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही, कारण बंदीने पागडी थांबली नव्हती, ती केवळ अंधारात गेली होती. परंतु घेणे वैध करताना कायद्याने ते किती घ्यावे, कोठे ठेवावे, किती दिवसांत परत करावे आणि न केल्यास काय, यांपैकी एकाही प्रश्नाला हात घातला नाही, आणि आजच्या भाडेकरूच्या साऱ्या हालांचे मूळ या मौनात आहे.

हे मौन एकतर्फी असल्याने अधिक बोचते. त्याच कायद्याचे कलम २४ मालकाला असा हक्क देते की परवान्याची मुदत संपूनही रहिवासी जागा सोडत नसेल तर मालकाने सक्षम प्राधिकारी नावाच्या खास अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, तेथे लिखित करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, रहिवाशाला तीस दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी त्याच्यावर दुप्पट शुल्काची जबाबदारी येते. त्याच कराराखाली अनामत परत मागणाऱ्या रहिवाशासाठी मात्र असा कोणताही दरवाजा नाही. त्याला दिवाणी न्यायालयात पैशाच्या वसुलीचा सर्वसाधारण दावा, किंवा करार लिखित आणि रक्कम निश्चित असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालील संक्षिप्त दावा, करावा लागतो, आणि वकिलाची फी व तारखांचा काळ धरता दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतक्या रकमेसाठी तो बहुतेकांना परवडत नाही. चांगले वकील करारात असे कलम घालतात की मालकाने रक्कम परत केली नाही तर तिच्यावर ठरलेल्या दराने व्याज चालू होईल आणि ती मिळेपर्यंत रहिवासी शुल्क न देता जागेत राहू शकेल. पागडीच्या काळातील ताब्याचे तारण थोडेसे परत मिळवण्याचा हा प्रयत्न आहे. पण असे कलम नसताना निव्वळ अनामतीसाठी जागा अडवून धरणाऱ्यावर दुप्पट शुल्काची टांगती तलवार राहते, आणि सामान्य माणूस किल्ल्या देऊन मोकळा होतो.

सरकारला अनामतीवरील व्याजाची कल्पना नाही असेही नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३६-अ नुसार परवाना करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आकारताना एकूण भाड्यात, परत न करायच्या रकमेखेरीज, परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने काढलेले व्याज मिळवले जाते. म्हणजे पाच लाखांच्या अनामतीवर मालकाला वर्षाकाठी पन्नास हजारांचा लाभ होतो असे धरून राज्य आपला कर वसूल करते. ज्याचे पाच लाख आहेत त्याला मात्र त्या पन्नास हजारांतील एक रुपयाही मागण्याचा हक्क कोणत्याही कायद्याने दिलेला नाही, आणि ‘बिनव्याजी परतावा अनामत’ हे शब्द छापील करारांत इतके पक्के बसले आहेत की त्यांवर घासाघीस होऊ शकते हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

कपातीच्या वादांत कायदा भाडेकरूच्या बाजूने थोडा अधिक बोलतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०८ भाडेकरूवर घर चांगल्या स्थितीत परत करण्याचे बंधन घालते, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळते. हे कलम भाडेपट्ट्यांसाठी असले तरी परवाना करारांतही हीच भाषा उतरली आहे. भिंतीचा उडालेला रंग ही झीज, फुटलेले बेसिन हे नुकसान, असा त्याचा सरळ अर्थ आहे. करार अधिनियमाचे कलम ७४ करारभंगासाठी आगाऊ ठरवलेली रक्कम ही वाजवी भरपाईची कमाल मर्यादा मानते, त्यामुळे मुदतीआधी घर सोडले म्हणून सगळी अनामत जप्त करण्याचे कलमही आपोआप टिकत नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि नोंदणी नसल्यास करारातील अटींबाबत, म्हणजे अनामतीच्या रकमेबाबतही, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावे असे म्हटले. हे शस्त्र फार थोड्यांना ठाऊक आहे. मागणीनंतर परत करावयाच्या ठेवीसाठी १९६३ च्या मुदत अधिनियमाने मागणीच्या तारखेपासून तीन वर्षे दिली आहेत, आणि म्हणून घर सोडतानाच रकमेची मागणी लेखी करून तिची पोच ठेवणे हे टपाल खर्चाच्या मानाने फार मोलाचे काम ठरते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याने या मौनाला शब्द दिले. निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या आणि अनिवासी जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि रिकाम्या जागेचा ताबा घेताना त्याच वेळी वाजवी कपात करून ती परत करावी, असे त्यात म्हटले आहे; ताबा आणि पैसा यांची अदलाबदल एकाच क्षणी व्हावी ही त्यातील कल्पना विशेष महत्त्वाची आहे. पण तो नमुना आहे, राज्याच्या विधिमंडळाने कायदा केल्याखेरीज तो कोणावर बंधनकारक होत नाही, आणि पागडीच्या घरांतील रहिवाशांच्या रास्त शंकांमुळे मुंबईत भाडेकायद्याला हात लावणे कधीच सोपे नसते. अनामतीसाठी मात्र त्या मोठ्या वादात शिरण्याचे कारण नाही. सक्षम प्राधिकाऱ्याचे कार्यालय आहे, संक्षिप्त कार्यपद्धती आहे, लिखित करार निर्णायक पुरावा मानण्याचा नियम आहे, अनामतीवर १० टक्के व्याज काढण्याची सरकारी रीतही आहे. कलम २४ खाली मालकाला जो अर्ज करता येतो तोच अर्ज, त्याच कराराच्या आधारे आणि त्याच मुदतीत, अनामतीच्या परताव्यासाठी रहिवाशालाही करता येईल एवढी दुरुस्ती त्याच अधिनियमात विधिमंडळाला करता येण्याजोगी आहे.